दोन कनेक्शनं असूनही काम का रखडलं, आणि ‘सगळं देशी’ केल्याने ते सुटेल का?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना आहे, माल जर्मनीला जातो. ऑर्डरी आणि ड्रॉइंगं जर्मन गिऱ्हाइकाच्या तिकडच्या सर्व्हरवर असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या आणि दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेऊनही काम रखडलं. त्याआधी जुलैत नायरा या तेल कंपनीचं मेल बंद पडल्याची बातमी वाचलेली होती. म्हणून मालक विचारतात: मेल, फायली, हिशेब सगळं भारतीय कंपन्यांकडे हलवू का? आणि तिसरं कनेक्शन घेऊ का?

बडोद्यात सहकारी बँका, शाळा आणि वाघोडिया-मकरपुऱ्यातले कारखाने यांची नेटवर्कं मी बरीच वर्षं सांभाळतो, तेव्हा निकाल आधी सांगून टाकतो. तिसरं कनेक्शन नको. सगळं हलवायचीही गरज नाही. पण तुमच्या कंपनीच्या दोन-तीन किल्ल्या आज बहुधा दुसऱ्याच कोणाच्या खिशात आहेत. त्या आधी परत घ्या.

तुम्ही दोन बातम्या एकत्र वाचल्यात, त्यामुळे दोन वेगळी दुखणी एक झाली आहेत. केबल तुटते तेव्हा रस्ता बंद होतो. नायराच्या वेळी रस्ता धडधाकट होता, आत घेणाऱ्यानेच दार लावलं होतं. रस्त्याला पैसे टाकून थोडाफार पर्याय मिळतो. दाराचं तसं नसतं.

आधी रस्ता. तुमच्या ऑफिसातल्या कुठल्याही संगणकावर कमांडची काळी खिडकी उघडा आणि ‘tracert’ (ट्रेसर्ट) व त्यापुढे जर्मन सर्व्हरचं नाव लिहून चालवा. तुमचा डेटा कुठून कुठून जातो ते ही आज्ञा दाखवते. ओळी खाली उतरत जातील. पहिली ओळ तुमचा राऊटर, एक मिलिसेकंद. मग इथल्या सेवादात्याचं यंत्र, तीन-चार. मग मुंबई, दहाच्या आसपास. पुढच्या ओळीवर आकडा एकदम शंभरावर उडतो. ती उडी म्हणजे समुद्र. मोठ्या कंपन्या राऊटरच्या नावात बहुतेक वेळा विमानतळाचे कोड घालतात, त्यामुळे मार्ग नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो: बीओएम म्हणजे मुंबई, एमआरएस म्हणजे फ्रान्समधलं मार्सेय, एफआरए म्हणजे फ्रँकफर्ट. एरवी जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात.

आता हेच दोन्ही कनेक्शनांवरून करून पाहा. बिलावरची नावं वेगळी असतील, पण मुंबईनंतरच्या ओळी बऱ्याचदा सारख्याच निघतात. इथला छोटा सेवादाता समुद्रापलीकडची क्षमता स्वतः बाळगत नाही. तो ती मुंबईत एखाद्या मोठ्या कंपनीकडून विकत घेतो, आणि तुमचे दोन्ही सेवादाते एकाच घाऊक दुकानातून घेत असू शकतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: ‘तुमचा अपस्ट्रीम, म्हणजे घाऊक पुरवठादार, कोण, आणि युरोपचा ट्रॅफिक कुठल्या केबलवरून जातो?’ उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

६ सप्टेंबर २०२५ ला जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईवी या दोन केबलना इजा झाली. दोन्ही भारताला पश्चिमेशी जोडणाऱ्या. एखाद्या व्यापारी जहाजाचा नांगर घासला असावा, असा अंदाज तेव्हा जाणकारांनी दिला. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या ॲझ्युअर सेवेवर मध्यपूर्वेतून जाणारा ट्रॅफिक मंदावेल असं जाहीर केलं. त्या दिवसांत ट्रॅफिक इतर मार्गांवर वळला. त्यातला काही उलटा, सिंगापूरकडून जगाला वळसा घालून गेला आणि जाऊन-येऊन वेळ अडीचशे-तीनशेच्या वर गेला. तुम्ही तक्रार केलीत तेव्हा सेवादात्याचा पोरगा म्हणाला असेल, ‘उपरथी छे साहेब, अमारी लाइन तो ओके छे’ (वरूनच आहे, आमची लाइन तर ठीक आहे). खरंच बोलत होता तो. स्पीड टेस्टचा सर्व्हर बडोद्यात नाहीतर मुंबईत असतो, तिथवर तुमची लाइन ठणठणीतच होती.

मग नुसत्या पाव सेकंदाच्या फरकाने काम का अडावं? तुमचं ईआरपी, म्हणजे ऑर्डरी-हिशेबाचं सॉफ्टवेअर, किती बडबडं आहे त्यावर ते ठरतं. जुन्या धाटणीचा क्लायंट, म्हणजे तुमच्या संगणकावरचा त्याचा भाग, एक स्क्रीन उघडायला सर्व्हरशी शे-दोनशे वेळा बोलतो. दोनशे फेऱ्या गुणिले ०.१२ सेकंद म्हणजे २४ सेकंद. त्याच फेऱ्या ०.३ सेकंदांनी केल्या की पूर्ण मिनिट. त्यात डेटाची पॅकेट वाटेत गळायला लागली तर टीसीपी, म्हणजे ती पोचवण्याची पद्धत, वेग आणखी खाली आणते, मग सेशनच तुटतं आणि ऑपरेटर पुन्हा लॉगिन करत बसतो. यावर उपाय बँडविड्थ वाढवण्याचा नाही. गिऱ्हाइकाच्या आयटीवाल्यांना सांगून त्यांच्याच इमारतीत एक रिमोट डेस्कटॉप मागून घ्या. ईआरपीचा क्लायंट तिथे सर्व्हरशेजारी चालेल आणि समुद्र ओलांडून फक्त स्क्रीनचं चित्र येईल. मोठी ड्रॉइंगं रात्री आपोआप उतरवून इथल्या डिस्कवर ठेवा. एवढ्यावर तुमचं सप्टेंबरचं बरंचसं रडगाणं थांबलं असतं, आणि खर्च तिसऱ्या कनेक्शनपेक्षा कमी.

सगळ्या केबल एकाच अरुंद पाण्यातून का जातात, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. मुंबईहून युरोपला जमिनीवरून जायचं तर पाकिस्तान, इराण, इराक, सीरिया. तिथे कोट्यवधी डॉलर कोण पुरणार? म्हणून केबल एडनचं आखात, लाल समुद्र असं करत इजिप्तला येतात, इजिप्तची जमीन ओलांडतात आणि भूमध्य समुद्रात शिरतात. जागा मोक्याची, म्हणून इजिप्त तिचा मोबदलाही वसूल करतो. गूगलने याला बगल द्यायला ब्लू-रमण ही जोडगोळी आखली: ब्लू इटलीहून इस्रायलला, आणि आपल्या सी. व्ही. रमणांचं नाव असलेली रमण जॉर्डनच्या अकाबाहून मुंबईला. दोन टोकांमधलं राजकारण एवढं नाजूक की त्यांनी एकच प्रणाली न करता दोन केल्या. सी-मी-वी ६ च्या वेळी केबल कोणी बनवायची यावरूनच ओढाताण झाली. चिनी कंपनीची बोली स्वस्त होती, अमेरिकेने दबाव आणला, आणि २०२२ मध्ये काम अमेरिकेच्या सबकॉमला मिळालं. चायना टेलिकॉम आणि चायना मोबाइल त्या गटातून बाहेर पडल्या.

आणि युद्ध कसं नडतं, त्याचा नमुना फेब्रुवारी २०२४ चा. रुबीमार या मालवाहू जहाजावर येमेनच्या हुथी बंडखोरांनी क्षेपणास्त्र डागलं. खलाशी जहाज सोडून गेले, नांगर टाकलेलं जहाज वाहवत गेलं, आणि त्या नांगराने तीन केबल ओढून तोडल्या असं मानलं जातं. त्यात एएई-१ आणि युरोप-इंडिया गेटवे या दोन भारताला लागणाऱ्या. पुढे जहाज बुडालं. दुरुस्तीला महिने लागले, कारण येमेनच्या पाण्यात उतरायला परवानगी कोणाची घ्यायची इथूनच वाद. एरवी नांगर आणि मासेमारीची जाळी यांनी जगात दरवर्षी केबल तुटतच असतात, वर्षाला दीडशे-दोनशे बिघाड होतात. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या नळीएवढीच जाड असते. तुटणं नेहमीचं आहे. वेळ जातो तो परवानग्या, विमा आणि दुरुस्तीचं जहाज मिळण्यात. २०२३ मध्ये आपल्याकडे भारतीय झेंड्याचं केबल-दुरुस्ती जहाजच नव्हतं, आणि दूरसंचार नियामक ट्रायने त्या वर्षी याबद्दल शिफारशी केल्या होत्या. त्याच कागदात तेव्हाचा आकडा आहे: भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल, १४ स्टेशनांवर उतरणाऱ्या, आणि ती स्टेशनं मुंबई, चेन्नई, कोची, तुतुकुडी, तिरुवनंतपुरम एवढ्याच ठिकाणी. एवढ्या मोठ्या देशाला हे फार थोडं आहे, असं माझं मत.

अर्थात समुद्राकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या गेटकडे पाहा. बहुतेक कारखान्यांत ‘दोन वेगळी’ कनेक्शनं एमजीव्हीसीएल या वीज कंपनीच्या एकाच खांबावरून, एकमेकांना टाय मारून आत आलेली असतात. बाहेर रस्ता खोदला की दोन्ही एकदम जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा लाल समुद्राचा काही संबंध नव्हता. तळमजल्यावरची कॅबिनेटं आणि बॅटऱ्या बुडाल्या, वीज गेली, संपलं. एक फायबर आणि दुसरी लाइन टॉवरवरून रेडिओने, वेगळ्या बाजूने, शक्य तर वेगळ्या अपस्ट्रीमची: हे दोन फायबरपेक्षा कितीतरी बरं. म्हणून तिसरं नको म्हणालो. दुसरं खरोखर दुसरं करा.

आता दार. नायराची गोष्ट गुजरातेत घडली म्हणून आपल्याकडे तिची जास्त चर्चा झाली, पण तपशील बऱ्याच जणांना ठाऊक नाहीत. वाडीनारची रिफायनरी या कंपनीची, आणि तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघाने रशियावर निर्बंधांचा नवा संच लावला, त्यात नायराचं नाव आलं. २२ जुलैला मायक्रोसॉफ्टने तिची आउटलुक आणि टीम्सची सेवा थांबवली. कंपनी भारतीय, रिफायनरी भारतात, लायसन्सचे पैसे भरलेले. अमेरिकी किंवा भारतीय कायद्यात असं काही करायला सांगितलेलं नाही, असं म्हणत नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिना संपायच्या आत सेवा पूर्ववत झाली, पण मधल्या काळात कंपनीला मेलसाठी रेडिफकडे जावं लागलं.

यातून लोक पटकन निष्कर्ष काढतात की डेटा भारतात ठेवला की झालं. तसं नाही. ॲझ्युअरचं सेंटर पुण्यात आहे, ॲमेझॉनचं मुंबईत आणि हैदराबादला, गूगलचं मुंबईत आणि दिल्लीत. वेगासाठी ते जरूर घ्या, समुद्राची उडीच वाचते. पण डिस्क पुण्यात असली तरी खातं गोठवायचा निर्णय कुठल्या देशातल्या कुठल्या वकिलाच्या टेबलावर होतो, त्याच्याशी डिस्कच्या पत्त्याचा संबंध नसतो. हे नवंही नाही. २०१९ मध्ये प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटहबने इराण, सीरिया, क्रिमियातल्या लोकांची खाती मर्यादित केली होती. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं. त्याच सुमारास युक्रेनने रशियाची डोमेनं इंटरनेटवरून काढून टाका अशी मागणी केली, तेव्हा इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने मात्र नकार दिला. म्हणजे काही थरांवर राजकारण लगेच पोहोचतं आणि काहींवर अजून तरी नाही. मेल, क्लाउड, पेमेंट हे पहिल्या प्रकारातले.

तुमच्यावर नायरासारखी वेळ येईल का? स्पष्ट सांगायचं तर शक्यता फार कमी. पण तुम्ही व्हॉल्व्ह बनवता, त्यामुळे एक गोष्ट तपासून घ्या. निकेलच्या मिश्रधातूसारखं गंजरोधक अस्तर असलेले काही प्रकारचे व्हॉल्व्ह रासायनिक अस्त्रांच्या भीतीमुळे निर्यात-नियंत्रणात येतात. आपल्या सरकारच्या स्कोमेट यादीतही ते आहेत. माल दुबईच्या व्यापाऱ्याला विकला आणि तो पुढे भलतीकडे गेला, तर नाव तुमचं निघतं. शेवटचा वापरणारा कोण, याचा कागद गिऱ्हाइकाकडून घेऊन ठेवा. परदेशी सेवांच्या बाबतीत तुमच्या हातात असलेला हा सर्वांत उपयोगी बचाव आहे आणि त्यात आयटीचं काही नाही.

छोट्या कंपनीचं खातं प्रत्यक्षात बंद पडतं ते वेगळ्याच कारणांनी. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले आणि परदेशी सेवांचं मासिक बिल बऱ्याच लोकांच्या कार्डावरून कटेनासं झालं. मेल थांबल्यावर लोकांना ते कळलं. नाहीतर ॲडमिनचा पासवर्ड तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या माणसाकडे असतो. भू-राजकारण वगैरे नंतरचं.

देशी सेवांकडे जायला माझा विरोध नाही. २०२५ मध्ये केंद्रातल्या मंत्र्यांनीच झोहो ही देशी सेवा वापरायला सुरुवात केली, तेव्हा दांडिया बाजारातल्या ओळखीच्या सीएंनीही चौकशी सुरू केली. मेलसाठी ती चांगली सेवा आहे, खर्चही बरा. पण खातं गोठणं, दर वाढणं, डेटा बाहेर काढायला त्रास होणं हे देशी कंपनीकडेही होतं. आणि आपल्या सरकारांच्या हातातही बटणं आहेत, दिल्लीच्या आणि राज्याच्याही. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत मोबाइल इंटरनेट बंद केलं गेलं ते राज्य सरकारने. गलवाननंतर २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद झाली, आणि तिथे चनिया-चोळीचे व्हिडिओ टाकून नवरात्रीचा धंदा जमवणाऱ्यांचं गिऱ्हाईक रातोरात गेलं. त्यांनी काहीच चूक केली नव्हती. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे फोननंबर वेगळ्या वहीत होते, त्यांनी महिनाभरात व्हॉट्सॲपवर तोच धंदा उभा केला.

जाता जाता उपकरणांचं. दूरसंचार कंपन्यांना जून २०२१ पासून ‘विश्वासू स्रोता’चीच यंत्रं लावावी लागतात, आणि एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणी सक्तीची आहे. दुकानदार जुना साठा स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. लावलेले जुने कॅमेरे फेकायची घाई नको, फक्त त्यांना ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं करा आणि इंटरनेटकडे जाणारा त्यांचा रस्ता बंद करा. लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, १८० दिवस जपा, सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेचा, सर्ट-इनचा, एप्रिल २०२२ चा आदेश तुमच्यासारख्या खासगी कंपन्यांनाही लागू आहे. हे फार कमी लोक पाळतात.

आता किल्ल्यांकडे येतो. पहिली बॅकअप. मेलची आणि फायलींची एक प्रत रोज तुमच्याच इमारतीतल्या डिस्कवर, आणि एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे. क्लाउडवाल्याकडे ‘सगळं सेव्ह असतं’ हे खरं, पण खातं बंद झालं की तेही त्याच दारामागे राहतं. महिन्यातून एकदा त्यातली कुठलीही एक जुनी मेलपेटी उघडून दाखवायला सांगा. उघडली नाही तर बॅकअप नाही.

दुसरी आणि मोठी किल्ली डोमेन, म्हणजे मेल आणि वेबसाइटचं तुमच्या कंपनीचं नाव. ते हातात असेल तर उद्या कोणीही मेल बंद केलं तरी एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचं ते सांगणारी डोमेनची नोंद) बदलून काही तासांत दुसऱ्या सेवेवर पत्रं यायला लागतात. गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. त्यासाठी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांच्या यंत्रांत किती वेळ टिकते तो काळ, आधीच कमी, तासाभराचा ठेवा. ज्याने आठ-दहा वर्षांपूर्वी वेबसाइट करून दिली त्याच्याच नावावर डोमेन राहिलेलं मी सारखं पाहतो. डॉटकॉमची मूळ नोंद अमेरिकेतल्या व्हेरिसाइनकडे असते आणि तिथल्या न्यायालयाचा हुकूम तिच्यावर चालतो. डॉटइनची नोंद निक्सी या संस्थेकडे, म्हणजे भारतात. तेव्हा तुमच्या नावाचं डॉटइनही घेऊन ठेवा, वर्षाला हजाराच्या आसपास जातील.

या आठवड्यात एवढंच करा: रजिस्ट्रारच्या, म्हणजे ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या, खात्यात लॉगिन करून मालक म्हणून कोणाचं नाव आहे आणि संपर्काचा मेल कुठला आहे ते पाहा. मेल त्याच डोमेनवरचा असेल तर तो आजच बदला, दुसऱ्या सेवेवरचा टाका आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. कारण मेल बंद पडल्यावर पासवर्ड बदलायचा दुवा त्याच बंद पेटीत जाऊन पडतो, आणि मग रजिस्ट्रारकडे कंपनीचे कागद घेऊन हेलपाटे घालावे लागतात.